तोरिनोच्या चाळीत तेवीस दिवस

वाळवण

इटलीहून परत येऊन दीड महिना झाला. भेटेल तो एकच विचारतो, "मग, रोम कसं वाटलं?" रोम पाहिलं नाही. "व्हेनिस?" तेही नाही. पिसाचा कलता मनोरा? नाही हो. यानंतर समोरच्याचा जो चेहरा होतो तो बघवत नाही, म्हणून हल्ली मी "मस्त होतं सगळं" म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. इथे आत जायला स्वयंपाकघर नाही, म्हणून हा धागा.

मी इटली बघायला गेलेच नव्हते, सुमीकडे राहायला गेले होते. पुण्याला हॉस्टेलवर आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. एक स्टोव्ह, एक बादली, दोन कॉट. पुढे ती मोटारींच्या डिझाइनमध्ये शिरली, नोकरीनिमित्त तोरिनोला गेली आणि तिथलीच झाली. अकरा वर्षं फोनवर "ये गं, ये गं" चाललं होतं. यंदा लेक नोकरीला लागली, नवरा म्हणाला "जा एकदाची", आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी निघाले. (नकाशावर ट्युरिन लिहितात तेच हे गाव. तिथली माणसं तोरिनो म्हणतात, 'तो' तोरणातला. तेवीस दिवसांत तोंडात तेच बसलं.)

विमान मिलानला उतरलं, तिथून पुढे रेल्वे. नोवारा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. आधी वाटलं, पूर आलाय. मग बांध दिसले. भाताची खाचरं! त्या पाण्यात पलीकडच्या आल्प्सचा बर्फ उलटा दिसत होता आणि बांधावर एका पायावर बगळा उभा. मी शेजारच्या बाईंना बोट दाखवून "राइस?" विचारलं. त्या म्हणाल्या, "रीझो, रीझो," आणि आपल्याच शेतात आल्यासारख्या खूश झाल्या.

सुमीचं घर म्हणजे चाळ. खरोखर चाळ. मधे चौक, तिन्ही बाजूंनी चार मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर सलग गॅलरी, गॅलरीला लोखंडी कठडा आणि सगळ्यांची दारं त्या गॅलरीत उघडणारी. तिकडे याला 'कासा दि रिंगिएरा' म्हणतात. रिंगिएरा म्हणजे कठडा, म्हणजे कठड्याचं घर. कारखान्यात कामाला येणाऱ्यांसाठी बांधलेली ही घरं. एकेकाळी गॅलरीच्या टोकाला मजल्याचा मिळून एक संडास असायचा. सुमीच्या मजल्यावर ती खोली अजून आहे, आता तिथे झाडू, बादल्या आणि कुणाची तरी सायकल असते. मी कठड्याला रेलून खाली बघितलं आणि म्हटलं, "सुमे, सात समुद्र ओलांडून चाळीतच आणलंस होय मला?" ती म्हणाली, "भाडं ऐकलंस तर चाळ म्हणणार नाहीस."

सुमी आठला कामावर जायची. मग दिवस माझा. सकाळी मोका. मोका म्हणजे ते अष्टकोनी ॲल्युमिनियमचं कॉफीचं भांडं, खाली पाणी, मधे गाळणीत कॉफी, वर रिकामं. सुमीचे नियम कडक. कॉफी दाबायची नाही, आच मंद ठेवायची, भांडं साबणाने घासायचं नाही आणि गुडगुड सुरू झाली रे झाली की उतरवायचं, नाहीतर करपट लागते. पहिल्या दिवशी मी ते चांगलं व्हिम लावून लख्ख घासून ठेवलं. संध्याकाळी सुमीने भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सासूसारखं काही न बोलता आत गेली.

नंतर पाव आणायला. दुकानात शिरताना 'बुओन्जोर्नो' म्हणायचंच. सरळ "दोन द्या" म्हटलं तर दुकानदार देतो, पण चेहरा पाडून. साडेबाराला बरीचशी छोटी दुकानं शटर ओढतात ती साडेतीन-चारपर्यंत. पुण्याचा कुणी इथे हसत असेल तर हसा, मला घरीच आल्यासारखं वाटलं. पावसाचे दिवस होते, पण छत्री फारशी लागली नाही, कारण शहरात मैलोन्‌मैल कमानींचे पडवीसारखे रस्ते. राजवाड्यापासून पो नदीपर्यंत एका बाजूने चालत गेलं तर डोक्यावर थेंब पडत नाही, मधल्या गल्ल्यासुद्धा वरून झाकलेल्या. राजाला भिजायला नको म्हणून तसं केलं म्हणतात. राजा गेला, आता बिनछत्रीच्या सगळ्यांची सोय होते.

आणि जिथेतिथे नंदी! हिरव्या रंगाचा ओतीव लोखंडाचा खांब, त्यातून बाहेर आलेलं बैलाचं तोंड आणि तोंडातून अखंड पाण्याची धार. याला 'तोरेत' म्हणतात, छोटा बैल. शहराच्या नावातच बैल ऐकू येतो, शहराच्या चिन्हावरही बैल आहे. असे शेकडो तोरेत आहेत. पाणी पिण्याचं, गार आणि फुकट. धार चोवीस तास वाहते हे बघून पहिले दोन दिवस माझा जीव तुटत होता. लातूरकडचं माहेर असलेल्या बाईला वाहता नळ बघवत नाही. तिसऱ्या दिवशी मीही बाटली लावून उभी.

गोंधळही घातले. पोर्ता पालात्सोचा बाजार हा युरोपातल्या मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक. तिथे सवयीने टोमॅटो दाबून बघितला. भाजीवाला असा काही ओरडला की चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. माल तो देणार, आपण फक्त बोट दाखवायचं. आणि ट्राममध्ये तिकीट हातात असून दंड भरला, कारण आतल्या यंत्रात ते नोंदवून घ्यायचं राहिलं. तपासनिसाला मी मराठीतून, हिंदीतून आणि शेवटी हात जोडून समजावलं. त्याने शांतपणे पावती फाडली. चूक माझीच.

सुमीच्या शेजारच्या सिन्योरांबद्दल (सिन्योरा म्हणजे बाई) लिहिलं नाही तर या सहलीत काही उरतच नाही. वय ऐंशीच्या पुढे. मूळच्या दक्षिणेकडच्या पुल्या प्रांतातल्या, लग्न होऊन साठच्या दशकात इकडे आल्या. नवरा फियाटच्या मिराफियोरी कारखान्यात होता, आता नाही. त्यांना इंग्रजी येत नाही, मला इटालियन येत नाही. आम्ही रोज दोन तास बोलायचो.

एका सकाळी मी न्हाऊन ओल्या केसांनी गॅलरीत आले, तर त्या मानेला हात लावून कळवळून "चेर्विकाले! चेर्विकाले!" करायला लागल्या. ओल्या केसांना वारा लागला की मान धरते, यावर सगळ्या इटलीचा गाढ विश्वास आहे असं सुमी सांगते. माझ्या आजीचा होता तसा. टॉवेल आणून त्यांनी स्वतः माझं डोकं बांधलं.

रविवारी त्यांनी ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता करायला बोलावलं. पीठ बारीक रव्याचं, नुसत्या पाण्यात मळलेलं, अंडं नाही. त्याची करंगळीएवढी वळी करायची, नखाएवढे तुकडे पाडायचे. बोथट सुरीने तुकडा पाटावर ओढायचा, तो गुंडाळतो, मग अंगठ्यावर उलटा करायचा, झाला छोटा कान. त्या दर सेकंदाला एक पाडत होत्या. माझे पहिले दहा बिघडले. मग मी सुरी बाजूला ठेवली, एक तुकडा घेतला आणि आजीने शिकवली तशी बोटाच्या पेरावर दाबून नखुली केली. दुसऱ्या तुकड्याचे दोन बोटांत वळून गव्हले केले, जवसाएवढे. सिन्योरांनी चष्मा लावला. एक गव्हला उचलून उजेडात धरला. मग शेजारच्या दोघींना हाका मारून बोलावलं आणि माझं बोट धरून त्यांना दाखवलं. गॅलरीत चार बायका, परातीभोवती, आणि मधे मी रुखवताचं वळवट करत बसलेली. हे रोममध्ये झालं असतं का, तुम्हीच सांगा.

फोटो आहेत, पण सगळे पिठाचे.

तिसरा_मजला

वाळवणताई, जन्म गिरगावातल्या चाळीत गेला त्यामुळे हा धागा तीनदा वाचला. काही महत्त्वाचे प्रश्न. १) वाळत घातलेले कपडे खालच्या मजल्यावर ठिबकले तर भांडण कोणत्या शब्दांत होतं? २) रात्री दारं उघडी असतात का? ३) चौकात क्रिकेट? म्हणजे फुटबॉल?

वाळवण

१) दोरी कप्पीवर असते, एका टोकाला उभं राहून ओढली की कपडे चौकावरून पलीकडे जातात. पिळून घातले नाहीत तर खालून "सिन्योराऽऽ" अशी लांब हाक येते. त्यातच सगळं आलं. २) नाही. दारं बंद, आणि आत जाताना बोलावलेलं असलं तरी उंबऱ्यावर थांबून "पेर्मेस्सो?" म्हणायचं, म्हणजे "येऊ का?" ते म्हणणार "आवान्ती", मग पाय टाकायचा. आपल्याकडे चाळीत कोण विचारतं! ३) चौकात नियमांची पाटी आहे. दुपारी आवाज नको, सतरंज्या झटकण्याची वेळ अमुक ते तमुक. पोरं खेळतातच, पाटीच्या खाली.

हिशोबी

राग मानू नका, पण विमान, व्हिसा, विमा धरून लाख-दीड लाख गेले असणार. एवढे खर्चून माणूस गव्हले वळायला गेला? आम्ही मागच्या वर्षी दहा दिवसांत रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान आणि स्वित्झर्लंडसुद्धा केलं. जेवण भारतीय.

वाळवण

राग कसला. तुमचं बरोबरच आहे, मीसुद्धा जाताना यादी केली होती, रोमचं तिकीटही बघून ठेवलं होतं. ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्री सुमीला ताप भरला. मग मी राहिले, मऊभात केला, आणि नंतर रोमची आठवण दोघींनाही झाली नाही. तेवढी हळहळ आहे, खोटं कशाला बोलू. पण बावीस वर्षांनी आम्ही सलग तीन तास काही न बोलता शेंगा सोलल्या, ते मला कुठल्या सहलीत मिळालं असतं?

फियाटवाला

ताई, तोरिनोला गेलात आणि फियाटबद्दल एक ओळ? माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यात होते. आमच्या घरात तोरिनो हा शब्द पंढरपूरसारखा उच्चारला जायचा. फियाट या नावातला शेवटचा ट म्हणजेच तोरिनो, 'इटालियन मोटारींचा कारखाना, तोरिनो', स्थापना १८९९. त्यांची अकराशे म्हणजे आपली डिलाइट, पुढे १९७४ पासून पद्मिनी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतून शेवटची काळीपिवळी पद्मिनी गेली, तेव्हा वडील दिवसभर जेवले नाहीत. लिंगोत्तोची गच्ची बघितलीत का?

वाळवण

बघितली! सुमीचा शनिवार त्यातच गेला. इतरांसाठी सांगते. लिंगोत्तो हा फियाटचा जुना कारखाना, १९२३ सालचा, पाच मजली. तळमजल्यावर गाडीची सुरुवात व्हायची, एकेक मजला चढत ती जोडली जायची आणि पूर्ण होऊन थेट गच्चीवर यायची. गच्चीवर चाचणीची धावपट्टी, साधारण एक किलोमीटरचा फेरा, दोन्ही टोकांना भिंतीसारखी उभी वळणं. १९८२ ला कारखाना बंद झाला, आता खाली दुकानं आहेत आणि वर धावपट्टीवर बाग. त्या वळणाच्या पायथ्याशी उभं राहिलं की पोटात गोळा येतो, गाडी इथून पडत कशी नसेल!

तुमच्या वडिलांसाठी एक गोष्ट. मी सिन्योरांना मोबाइलवर काळीपिवळी पद्मिनीचं चित्र दाखवलं. त्यांनी ते मोठं केलं, पुढच्या जाळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मिल्लेचेन्तो." म्हणजे अकराशे. मग आत जाऊन फोटो आणला, नवरा आणि तीच गाडी, फक्त पांढरी. बॉनेटवर बाळाला बसवलंय.

फियाटवाला

हे त्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. "जाळी तीच असणार, साचे तिथूनच आलेले," एवढंच बोलले.

शंकासुर

माझी बहीण बोलोन्याला शिकतेय, आईला घेऊन जायचंय. हॉटेल नसेल, मैत्रिणीकडे किंवा बहिणीकडे राहायचं असेल तर कागदपत्रं काय लागतात? एजंट रोज नवीन काहीतरी सांगतो.

वाळवण

मला लागलं ते सांगते, पण अर्जाआधी ताजी यादी बघाच. शेंगेन व्हिसाची (बऱ्याच युरोपीय देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फी मोठ्यांना ९० युरो, २०२४ च्या जूनपासून. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. हॉटेलच्या आरक्षणाऐवजी यजमानाचं निमंत्रणपत्र, वकिलातीच्या ठराविक नमुन्यात, सहीनिशी, सोबत सुमीच्या ओळखपत्राची आणि वास्तव्याच्या परवान्याची प्रत. माझे बँकेचे कागद, परतीचं तिकीट.

तिथे पोचल्यावर दोन गोष्टी कुणी सांगत नाही. परदेशी पाहुणा घरात राहायला आला की यजमानाने ४८ तासांत पोलिसांना लेखी कळवायचं असतं. सुमीने पहिल्याच दिवशी कळवलं. दुसरी, तुम्ही आधी दुसऱ्या शेंगेन देशात उतरून इटलीत आलात, उदाहरणार्थ फ्रँकफर्टला प्रवेशाची नोंद झाली, तर आठ दिवसांत स्वतः पोलिसांकडे हजेरीचं निवेदन द्यायचं. मी थेट मिलानला उतरले, नोंद तिथेच झाली, म्हणून सुटले. हॉटेलात राहणाऱ्यांचं हे काम हॉटेल परस्पर करतं, त्यामुळे कुणाला माहीत नसतं.

चवळीची_उसळ

शाकाहारी आहात असं दिसतंय. मग चीजचं काय केलंत? आम्ही तिकडे आठवडाभर आनंदाने पार्मेजान खाल्लं आणि परत आल्यावर कुणीतरी सांगितलं, त्यात वासराच्या जठरातलं विरजण असतं. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

वाळवण

खरं आहे ते. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो, दोन्हींत वासराचंच रेनेट (तेच ते विरजण), तसा नियमच आहे. पेकोरिनोत बहुधा कोकराचं. ग्रानात अंड्यातलं लायसोझाइम नावाचं प्रथिनही असतं. पाकिटावर 'काल्यो वेजेताले' किंवा 'काल्यो मिक्रोबिको', म्हणजे वनस्पतीचं किंवा सूक्ष्मजीवांचं विरजण, लिहिलेलं असेल तर चालेल. दुकानातल्या तयार पेस्तोत, म्हणजे पास्त्याला लावायच्या हिरव्या चटणीतही, चीज असतं. खरी फसगत भाजीत होते. सिन्योरांनी ओरेक्किएत्तेवर टाकायला पालेभाजी परतली, वास मोहरीच्या पाल्यासारखा, मी ताट पुढे केलं आणि सुमी ओरडली, "थांब, तेलात मासा विरघळवलाय!" अँचोव्ही. दिसत नाही, नुसता खारट लागतो. सिन्योरांच्या मते तो मासा म्हणून धरायचाच नसतो. मग माझ्यासाठी टोमॅटोची केली.

पण शाकाहाऱ्यांनो, फारिनाता! बेसन, पाणी, तेल, मीठ. बस. पिठाच्या तिप्पट पाणी घालून चार-पाच तास भिजवायचं, वरचा फेस काढायचा, तेल घालायचं, कल्हईच्या मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत ढकलायचं. वरून करकरीत, आतून लुसलुशीत, त्यावर मिरेपूड. मूळची शेजारच्या लिगुरियाची, पण तोरिनोत पिझ्झाच्या दुकानांवर 'पिझ्झा आणि फारिनाता' अशाच पाट्या असतात. मी खाल्लं आणि म्हटलं, "हे तर धिरडं." सुमी म्हणाली, "हळू बोल, सात युरोंचं धिरडं आहे." दोन कांदे आणि एक मिरची मिळाली असती तर भट्टीवाल्यालाच शिकवलं असतं.

मिलानकर_मामी

छान लिहिलंय, पण थोडं पाणी घालते. चौदा वर्षं इथे आहे. तुमच्या लेखातला "पेर्मेस्सो" वाचून हसले, कारण तोच शब्द इथे वास्तव्याच्या परवान्यालाही आहे. पाहुणा उंबऱ्यावर "पेर्मेस्सो?" म्हणतो आणि लगेच आत येतो. आम्ही आल्यापासून आठ कामाच्या दिवसांत पोस्टातून अर्ज भरतो आणि मग महिनोन्‌महिने उंबऱ्यावरच. माझं एकदा कार्ड हातात आलं तेव्हा त्याची मुदत संपायला पाच आठवडे उरले होते. घर भाड्याने घेताना फोनवर सगळं गोड, आडनाव ऐकलं की "आत्ताच गेलं हो घर." दुपारी दुकानं बंद असतात ते पाहुण्याला गोड वाटतं, नोकरी करणाऱ्या बाईला शनिवारीच सगळं उरकावं लागतं. तेवीस दिवसांत हे दिसत नाही, यात तुमचा दोष नाही.

वाळवण

मामी, पटलं. सुमी हेच म्हणते, फक्त जास्त शिव्या घालून. तिच्या टेबलाच्या खणात एक जाड फाइल आहे, तिला ती 'माझी इटली' म्हणते.

घराचं तुम्ही म्हणालात त्यावरून. सिन्योरा साठच्या दशकात आल्या तेव्हा याच शहरात दारांवर पाट्या असायच्या, दक्षिणेकडच्यांना घर भाड्याने देणार नाही. इटालियन माणसाला इटलीतच. सुमी ही चाळीतली जागा बघायला आली तेव्हा मालक टाळाटाळ करत होता. सिन्योरा गॅलरीत उभ्या होत्या. त्या मालकाला काय म्हणाल्या ते सुमीला तेव्हा भाषेअभावी कळलं नाही, आणि आता विचारलं तर त्या सांगत नाहीत. जागा मिळाली.

भातखाचर

आमची शेती भंडाऱ्याकडची, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. तिथे रोवणी करतात का? बायका दिसल्या का शेतात?

वाळवण

एकही नाही. बांधावर माणूसच दिसलं नाही. सुमीने एका रविवारी व्हेर्चेल्लीकडे नेलं, तिथे एका शेतकऱ्याशी ती बोलली. रोवणी नाही, पेरणीच. शेत लेसरने सपाट करतात आणि यंत्राने बी टाकतात. पूर्वी मात्र हजारो बायका हंगामाला यायच्या, गुडघाभर पाण्यात वाकून निंदणी आणि लावणी करायच्या. त्यांना 'मोंदीने' म्हणत. आठ तासांचा दिवस त्यांनी व्हेर्चेल्लीत १९०६ मध्ये संप करून मिळवला. रिसोत्तोचा, म्हणजे त्यांच्या आसट भाताचा, आर्बोरियो तांदूळ माहीत असेल, ते आर्बोरियो गाव त्याच जिल्ह्यातलं. पाणी येतं कालव्याने, पो नदीतून, १८६६ मध्ये पुरा झालेला कावूर कालवा, ऐंशीच्या वर किलोमीटर लांब. २०२२ ला दुष्काळात पो आटली तेव्हा त्या शेतकऱ्याची अर्धी खाचरं कोरडी राहिली. हे सांगताना त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, अगदी आपल्याकडे खाजवतात तसंच.

भातखाचर

१९०६! आमच्याकडे रोवणीच्या बायकांना आठ तास अजून माहीत नाहीत. पहाटे जातात, अंधार पडल्यावर येतात. बरं, त्यांच्या भाताला वास येतो का?

वाळवण

रिसोत्तोच्या तांदळाला नाही. सुमीकडे आंबेमोहोर मीच नेला होता, दोन किलो. शिजला तेव्हा सिन्योरा दारात.

टवाळ

मोकाबद्दल एक भर. ते भांडं १९३३ चं, आल्फोन्सो बियालेत्तीने काढलेलं, तेही तुमच्याच तोरिनोच्या पिएमोन्ते प्रांतातलं. त्याच्या मुलाने, रेनातोने, ते जगभर खपवलं. २०१६ मध्ये रेनातो गेला तेव्हा त्याच्या अस्थी भल्यामोठ्या मोकाच्या आकाराच्या कलशात ठेवल्या होत्या. आणि तुम्ही ते व्हिमने घासलंत.

वाळवण

:) सुमीला सांगू नका.

तिसरा_मजला

अजून काहीतरी राहिलंय असं वाटतंय. तुम्ही २५ एप्रिलला तिथे असणार ना? इटलीचा मुक्तिदिन. काही बघितलंत?

वाळवण

असं ठरवून काही नाही. चाळीच्या दाराशी भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी आहे, खाली लोखंडी कडी. रोज तिच्यासमोरून जायचे, मला वाटलं जुन्या मालकाचं नाव असेल. २५ ला सकाळी पाव आणायला उतरले तर कडीत पानांचा हिरवा हार अडकवलेला. सुमीने वाचून दाखवलं, 'इथे पडला', मग नाव, वय एकोणीस, तारीख १९४५ च्या एप्रिलातली. जर्मनांशी आणि फासिस्टांशी लढताना. त्या दिवशी शहरात चालताना मोजायला लागले, कोपऱ्याकोपऱ्यावर तशीच पाटी, तसाच हार. सिन्योरा खाली आल्या, हाराची एक डहाळी सरळ केली आणि दूध आणायला गेल्या.

चवळीची_उसळ

पोहे करून घातलेत की नाही सिन्योरांना? न घालता आलात तर धागा बंद करा.

वाळवण

घातले! नाशिकहून जाडे पोहे नेले होते. कोथिंबीर पोर्ता पालात्सोत मोरोक्कोच्या बाईकडे मिळाली, खोबरं सुकंच. सिन्योरांनी ताटली नाकाशी धरली, हळदीकडे संशयाने बघितलं, एक घास खाल्ला, थांबल्या, उठल्या. मला वाटलं, आवडलं नाही. त्या आतून किसणी आणि चीजचा तुकडा घेऊन आल्या आणि पोह्यांवर भुरभुरायला लागल्या. मी लिंबाची फोड पुढे केली तर त्यांनी ती चहासाठी असावी म्हणून बाजूला ठेवली. दोन ताटल्या संपवल्या.

काल सुमीचा फोन होता. सिन्योरांनी परत मागितले म्हणून ती बाजारातल्या बांगलादेशी दुकानातून 'चिडा' घेऊन आली. निघाले पातळ पोहे. तिने ते जाड्यांसारखे धुऊन निथळत ठेवले, झाला लगदा. टाकणार होती, तेवढ्यात दारात "पेर्मेस्सो?"

सिन्योरांनी चव घेतली आणि म्हणाल्या, रिसोत्तो या वेळी जास्त चांगला जमलाय.

मिलानकर_मामी

पुढच्या वेळी जाडे माझ्याकडून पाठवते. सुमीचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा.